छोट्या सैनिकांची रंगसंगती : प्रयोग नेमका कशाचा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वॉरहॅमर ४०,००० या छोट्या मॉडेल्सनी टेबलावर खेळायच्या युद्धखेळातील स्पेस मरीन्सचे सैन्य प्रश्नकर्त्यांना ठरलेल्या रंगांत न रंगवता स्वतः कल्पिलेल्या चॅप्टरच्या, म्हणजे स्पेस मरीन्सच्या स्वतंत्र दलाच्या, रंगांत रंगवायचे आहे. गर्द जांभळे चिलखत, सोनेरी कडा, लाल बंदुका, हिरवे डोळे आणि चॉकलेटी मातीचे बेस (मॉडेलच्या पायांखालच्या चकत्या) अशी संगती त्यांनी निवडली. पहिली काही मॉडेल्स हातात घेऊन पाहिली की चांगली वाटतात, पण टेबलावर मांडली की सगळे पथक मळकट दिसते. नवे रंग विकत घ्यावेत का, आणि मॉडेल्स वाया न घालवता पुढचे प्रयोग कसे करावेत, असे त्यांनी विचारले आहे. पुढे असईच्या लढाईतील मराठा घोडदळ रंगवायचे आहे, तिथेही हीच पद्धत चालेल का, अशी पुरवणीही त्यांनी जोडली आहे.

नवे रंग सध्या घेऊ नका. तुम्ही निवडलेल्या रंगांत मुळात काही वावगे नाही, पण ते सगळे उजळ-गडदपणाच्या एकाच पट्टीत येऊन बसले आहेत. गर्द जांभळा, सावलीचा वॉश (खाचांत साचणारा पातळ गडद रंग) दिलेला सोनेरी, गडद लाल आणि चॉकलेटी या चारही रंगांची नावे वेगळी असली, तरी मोबाइलवर त्यांचे छायाचित्र काढून त्यातला रंग काढून टाका आणि केवळ काळ्या-पांढऱ्यात पाहा. जवळजवळ एकच मध्यम-गडद राखाडी छटा मॉडेलभर पसरलेली दिसेल. हातभर अंतरावरून डोळा रंगांतला फरक टिपतो, म्हणून तिथे मॉडेल चांगले वाटते. खेळताना आपण मीटरभर अंतरावरून, तेही वरून खाली पाहत असतो, आणि त्या अंतरावर आकार ओळखू येतो तो मुख्यतः उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषांवरून. रंगसंगतीच्या प्रयोगात सर्वांत आधी तपासायची गोष्ट हीच आहे, आणि बहुतेक जण नेमकी तीच सर्वांत शेवटी तपासतात, असे माझे ठाम मत आहे.

यामागे एक कारण मॉडेलच्या आकारात आहे. उभ्या माणसावर वरून प्रकाश पडला की हनुवटीखाली, काखेत, गुडघ्यामागे स्पष्ट सावली पडते. तीस-पस्तीस मिलिमीटर उंचीच्या प्लॅस्टिकवर खोलीतला प्रकाश सगळीकडून परावर्तित होऊन येतो आणि खाचांची खोली फारच कमी असल्याने नैसर्गिक सावली जवळजवळ उमटतच नाही. ती आपल्याला रंगाने तयार करावी लागते. म्हणून वॉश, म्हणून कडांवरचे हायलाइट (उजळ रेषा), म्हणूनच काळ्या प्रायमरवर (रंगाखालच्या अस्तरावर) वरच्या बाजूने पांढरा फवारा मारण्याची झेनिथल पद्धत. पण वॉश सरसकट सगळ्या मॉडेलवर फिरवला, की तो खाचांबरोबर सपाट पृष्ठभागही एक पायरी खाली आणतो. अ‍ॅग्रॅक्स अर्थशेडसारखा तपकिरी वॉश जांभळ्यावर दिला तर रंग गडद होतोच, शिवाय जांभळ्यात तपकिरीतला पिवळेपणा मिसळून तो करडा पडतो. तुमच्या मळकटपणाचा अर्धा उगम मला इथे वाटतो. जांभळ्यासाठी ड्रुची व्हायोलेटसारखा त्याच घराण्यातला वॉश घ्या, तो केवळ खाचांत बारीक ब्रशने सोडा, आणि सपाट भागांवर मूळ रंगाचा एक पातळ हात पुन्हा द्या.

हिरव्या डोळ्यांविषयी वेगळे सांगायला हवे, कारण त्यावर तुम्ही बरेच कष्ट घेतलेले दिसतात. शिरस्त्राणावरची भिंग जेमतेम मिलिमीटरभर असते. इतक्या लहान ठिपक्यात मानवी डोळ्याची निळा-पिवळा हा भेद ओळखण्याची क्षमता मंदावते. निळसर आणि हिरवट ठिपके एकमेकांत मिसळतात, पिवळा ठिपका पांढऱ्याजवळ जातो. त्यामुळे मीटरभर अंतरावरून भिंग हिरवी की निळी, हा प्रश्न उरतच नाही. ती आजूबाजूपेक्षा किती उजळ आहे, एवढेच पोहोचते. हिरवा ठेवायचा असेल तर अवश्य ठेवा, पण भिंगेभोवती काळी रेघ आणि कोपऱ्यात जवळजवळ पांढरा ठिपका द्या. लहान जागेत रंगापेक्षा उजळपणाच्या फरकावर विसंबणे हा नियम पट्ट्या, बकला आणि चिन्हांनाही लागू पडतो.

शेजारचे रंग एकमेकांना बदलतात, हेही प्रयोगात धरावे लागते. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यातील रंगाई विभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्हरल यांच्याकडे काळ्या रंगाला दम नसल्याच्या तक्रारी येत होत्या. त्यांनी शोध घेतला तेव्हा दोष रंगात नसून त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांत असल्याचे आढळले, आणि १८३९ मध्ये त्यांनी एकाच वेळी दिसणाऱ्या रंगांच्या परस्परविरोधाचा नियम सविस्तर मांडला. मॉडेलवर त्याचा प्रत्यय रोज येतो. तुमचा जांभळा लाल बंदुकीला लागून असल्यामुळे अधिक निळसर भासतो आणि लाल थोडा नारिंगीकडे झुकतो. त्याच जांभळ्याशेजारी हस्तिदंती रंग आला की जांभळा भरदार होतो आणि हस्तिदंती किंचित पिवळसर दिसतो. यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते : कोणताही रंग एकटा रंगवून पसंत करू नका, त्याचा शेजारी सोबत हवाच.

आता प्रयोगाच्या पद्धतीकडे वळू. पहिली पायरी कागदावरची आहे. मॉडेलची बाह्यरेषा काढून घ्या, तिच्या प्रती करा आणि फक्त पेन्सिलने, पांढरा, मध्यम व काळा अशा तीनच छटांत भरा. शोल्डर पॅड उजळ आणि चिलखत गडद. चिलखत मध्यम, पॅड काळे आणि शिरस्त्राण पांढरे. एक हात उजळ, बाकी गडद. रंगाचा विचार आड येत नसल्याने या मांडण्या भराभर होतात. मॉडेल ओळखू येते ते मुख्यतः डोके, खांदे आणि शस्त्र यांवरून, कारण वरून पाहताना हेच दिसते. पायांवर केलेली करामत टेबलावर वाया जाते. म्हणून सर्वांत मोठा उजळ-गडद फरक कमरेच्या वर ठेवणारी मांडणी निवडा. संगणकावर रंग भरून पाहणेही उपयोगी आहे, पण पडद्यावरचा सोनेरी आणि बाटलीतला सोनेरी यांचा फारसा संबंध नसतो, तेव्हा धातूच्या रंगांबाबत पडद्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी पायरी प्लॅस्टिकच्या चमच्यांची, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. पार्टीसाठी मिळतात ते साधे पांढरे चमचे घ्या, बारीक पॉलिश पेपरने पाठ घासा आणि मॉडेलला जो प्रायमर देणार तोच त्यांना द्या. चमच्याची पाठ गोलसर असल्याने शोल्डर पॅडवर रंग कसा बसेल, कुठे साचेल आणि कडेला कसा पातळ होईल हे तिथे जवळजवळ हुबेहूब कळते. पाठीच्या डाव्या भागावर मुख्य रंगाचा एक हात, मधल्या भागावर दोन हात, उजव्या भागावर दोन हातांवर वॉश आणि हायलाइट असे तीन पट्टे ओढा. पूर्ण वाळले की खालच्या अर्ध्या भागावर मॅट वॉर्निश लावा, कारण वॉर्निशने रंग किती फिका होतो किंवा सावरतो हे आधीच कळलेले बरे. दांड्यावर मार्करने रंगांची नावे, पाण्याचे प्रमाण आणि क्रम लिहा. असे डझनभर चमचे तयार झाले की ते दोन-दोन, तीन-तीन एकत्र धरून जोड्या लावता येतात. जांभळ्याच्या तीन छटा आणि जोडरंगाच्या चार छटा म्हणजे बारा संगती, आणि त्यांसाठी रंगवावे लागतात फक्त सात चमचे. रंग वाळण्याआधी निर्णय घेऊ नका. अ‍ॅक्रिलिकमधले माध्यम ओले असताना दुधाळ असते आणि वाळल्यावर पारदर्शक होते, त्यामुळे बहुतेक रंग वाळल्यावर किंचित गडद होतात.

प्रायमर हाही रंगसंगतीचाच भाग आहे, हे चमच्यांवर चटकन पटते. लोहाच्या ऑक्साइडवर बनलेले तपकिरी, विटकरी आणि टायटॅनियमचा पांढरा हे रंग खालचे चांगले झाकतात. झगझगीत पिवळे, अनेक लाल आणि किरमिजी रंग अर्धपारदर्शक असतात आणि खालची छटा त्यांतून डोकावते. काळ्यावर पिवळा चढवला की तो हिरवट होतो आणि पाच हात देऊनही समाधान होत नाही, तर गुलाबी किंवा हस्तिदंती अस्तरावर तोच पिवळा दोन हातांत उमलतो. सिटाडेल या ब्रँडचे, एकाच हातात सावली आणि उजेड देणारे काँट्रास्ट रंग २०१९ मध्ये बाजारात आले, त्यांच्यात तर अस्तर म्हणजे निम्मा रंगच असतो. उबदार रेथबोन अस्तरावर दिलेला जांभळा आणि थंड ग्रे सीअर अस्तरावर दिलेला तोच जांभळा शेजारी ठेवले तर एकाच बाटलीतले आहेत हे सांगावे लागते. तुमच्याकडे काळे अस्तर आहे असे मी धरतो. तोच जांभळा राखाडी अस्तरावर एकदा करून पाहा. नवी बाटली न घेता मळकटपणा बराच कमी होईल.

तिसऱ्या पायरीला मॉडेल्स येतात. सुटे भाग, जुन्या संचांतली उरलेली सैनिकांची धडे किंवा सर्वांत स्वस्त मॉडेल्स घ्या, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला. चिलखत तेच ठेवून कडा सोनेरीऐवजी हस्तिदंती. मग हस्तिदंती कडा तशाच ठेवून बंदूक लालऐवजी काळी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे सुधारणा झाली हे कळत नाही. एक मॉडेल पाहून निकाल देऊ नका. पाच मॉडेल्स एका रांगेत, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि उभे राहून पाहा. एकट्या मॉडेलवर चटकदार वाटणारा शेंदरी पट्टा पाच मॉडेल्सवर बटबटीत होतो, आणि एकट्यावर नीरस भासणारा करडा पट्टा पथकाला एकत्र बांधतो. सर्वसाधारणपणे साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के जोडरंग आणि दहा टक्के ठिणगी असे प्रमाण सांगितले जाते. ते सुरुवातीला धरायला ठीक आहे, पण मोजत बसू नका. फसलेले प्रयोग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासले की कडक प्लॅस्टिकवरचा रंग निघतो आणि तीच मॉडेल्स पुन्हा वापरता येतात. रेझिनच्या मॉडेल्ससाठी मात्र आधी एखादा फालतू तुकडा बुडवून खात्री करावी.

बेसला बहुतेक जण शेवटी हात घालतात, आणि तुमच्या बाबतीत माझा सर्वांत मोठा आक्षेप इथेच आहे. स्पेस मरीन ३२ मिलिमीटरच्या गोल बेसवर उभा असतो. वरून पाहिले तर दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा केवढातरी भाग बेसच व्यापतो. गडद जांभळ्या पायांखाली चॉकलेटी माती ठेवल्याने पायांची रेषा जमिनीत विरून जाते. रंगवण्याआधी मॉडेल खाली वेगवेगळ्या रंगांचे घोटीव कागद ठेवून पाहा : वाळूचा फिका पिवळसर, सिमेंटचा राखाडी, विटकरी, शेवाळी. जांभळ्याखाली फिका वाळूचा रंग आला की विरोधी रंग आणि विरोधी उजळपणा हे दोन्ही लाभ एकदम मिळतात, आणि सैनिक जमिनीपासून सुटा होतो. बेसची बाहेरची किनार मात्र काळी किंवा गडद तपकिरीच ठेवा. ती चौकटीचे काम करते, तिथे चटकदार रंग कशाला?

स्वतःचा चॅप्टर म्हटला की आणखी दोन गोष्टी आधीच तपासाव्या लागतात. पहिली, ओळखीची. जांभळा आणि सोनेरी ही जोडी या विश्वात एम्परर्स चिल्ड्रन या सैन्याच्या बंडापूर्वीच्या काळाशी पक्की जोडलेली आहे, त्यामुळे समोरचा खेळाडू तुमच्या सैनिकांना तेच समजेल. ते नको असेल तर सोनेरी सोडा. हस्तिदंती कडा घेतल्या तर हा गोंधळही टळतो आणि वर सांगितलेला उजळपणाही मिळतो. दुसरी गोष्ट हुद्द्यांची. कोडेक्स (या विश्वातली चॅप्टर्सची नियमसंहिता) पाळणाऱ्या चॅप्टर्समध्ये लायब्ररियनचे चिलखत निळे, चॅप्लेनचे काळे, अपोथेकरीचे पांढरे आणि टेकमरीनचे लाल असते, आणि सार्जंटचे शिरस्त्राण बहुधा लाल. म्हणजे तुमचा जांभळा ज्यांच्या अंगावर नाही असे चार अधिकारी त्याच सैन्यात उभे राहणार आहेत. त्यांना बांधून ठेवणारा रंग चिलखताचा नसून शोल्डर पॅडचा असतो. प्रयोगाच्या पाच मॉडेल्सपैकी एक तरी लायब्ररियन आणि एक अपोथेकरी असावा. निळ्या आणि पांढऱ्या चिलखतावर तुमचे पॅड बसले नाही, तर ती संगती चाळीस मॉडेल्सपर्यंत टिकणार नाही. लाल बंदुका मला याच कारणाने खटकतात : लाल हा हुद्द्याचा रंग ठेवला तर सार्जंट दुरून ओळखू येतो, आणि बंदुका काळ्या केल्या तर हातांजवळ जो गडद भाग हवा असतो तो आपोआप मिळतो.

निवडलेली कृती पुन्हापुन्हा जमली पाहिजे, हा निकषही प्रयोगातच लावा. चिलखताचा मुख्य रंग शक्यतो बाटलीतून थेट घ्या. मिश्रण केलेला रंग सहा महिन्यांनी दुसऱ्या पथकासाठी तसाच जमवणे अवघड असते. हायलाइटसाठी तोच रंग आणि हस्तिदंती यांचे मिश्रण चालते, कारण कडेवरच्या बारीक रेषेत थोडा फरक लपतो. ठिबकणीच्या बाटल्या असतील तर थेंब मोजून प्रमाण वहीत लिहा. चाचणीच्या मॉडेलवर नऊ टप्प्यांचे नजाकतीचे काम करून संगती पसंत केली आणि सैन्य चार टप्प्यांत रंगवले, तर ती संगती प्रत्यक्षात तपासलेलीच नाही असे समजावे.

उजेडाचे दोन शब्द. रंगवताना ५,००० ते ६,५०० केल्व्हिनचा आणि ९० पेक्षा अधिक सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचे माप) असलेला दिवा वापरा, पण अंतिम पाहणी जिथे खेळणार त्या खोलीच्या दिव्याखाली करा. पिवळट दिव्याखाली जांभळ्यातला निळा मरतो आणि तो तपकिरीकडे झुकतो. कोकणात, मुंबईत आणि पुण्यातही पावसाळ्यात स्प्रेचे वॉर्निश पांढुरके पडते, त्यामुळे त्या महिन्यांत प्रायमर आणि वॉर्निश दोन्ही ब्रशने लावायचे निवडा आणि चमच्यांची चाचणीही त्याच साहित्यावर करा.

आता असई. पद्धत तीच, पण प्रयोगाची जागा बदलते. २३ सप्टेंबर १८०३ च्या या लढाईत ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीच्या पायदळाचे लाल कोट ठरलेले आहेत. तिथे प्रयोग फक्त लालच्या छटेचा. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून रंगवलेला, म्हणून विटकरीकडे झुकणारा, आणि अधिकाऱ्याचा किरमिजाच्या किड्यांपासून मिळणाऱ्या रंगाचा, म्हणून अधिक झळाळता; दोन लालांचा हा फरक चमच्यांवर ठरवून घ्या. मराठा घोडदळातल्या अनियमित पथकांना मात्र एकसारखा गणवेश नव्हता, ज्याचा त्याचा पोशाख. इथे मोह होतो तो प्रत्येक स्वाराला नवा रंग देण्याचा, आणि मग पथक विस्कटते. उपाय असा की सहा-सात रंगांचा एक बंदिस्त संच ठरवायचा आणि तो त्या काळी कापडावर चढणाऱ्या रंगांतूनच घ्यायचा : न रंगवलेल्या सुताचा मळखाऊ पांढरा, निळीचा गडद व फिका निळा, मंजिष्ठ आणि आल या झाडाच्या मुळांचा लाल, हळदीचा पिवळा, निळीवर हळद चढवून येणारा हिरवा. त्यांतला पांढरा निम्म्याहून अधिक ठेवा. बाकीचे पागोटी, शेले आणि खोगिरावरचे कापड यांत विखरून टाका, मात्र लागोपाठच्या दोन स्वारांना एकच जोडी येऊ देऊ नका. घोड्यांनाही हाच न्याय : बहुसंख्य तांबूस-तपकिरी, काही काळे, एखादा पंचकल्याणी, आणि अबलख असलाच तर एका पथकात एकच, कारण तो नजर खेचून घेतो आणि ती नजर नायकावर गेलेली बरी.

बेसबाबत इथे चमच्यांपेक्षा नकाशा आणि पंचांग अधिक उपयोगी पडते. भारतातली लढाई म्हटली की बेस वाळवंटी पिवळा करण्याची सवय बरेचदा दिसते. असई आजच्या जालना जिल्ह्यात आहे आणि सप्टेंबरचा शेवट म्हणजे पावसाळ्याचा उतार. जमीन काळी, ओलसर आणि हिरव्या गवताने झाकलेली. काळ्या मातीवर मळखाऊ पांढरे स्वार फार सुरेख उठतात, पण काळे घोडे तिथे हरवतील, तेव्हा त्यांच्या पायांखाली गवताचे झुबके थोडे दाट लावा.